शनवारची सभा

शनवारी साडेआठले मी गोदामाचं शटर खाली घेतो.
कोणाचं बारसं असो, कोणाची तेरवी असो,
नऊ ते दहा खुर्च्या भेटत नाईत.
गावाले म्हाईत हाय.

बेबी म्हणते, राजकारणच पायाचं तं चावडीवर जा,
थ्या डब्ब्यात काय हाय?
डब्ब्यात देवस्थळी हाय.
मुख्यमंत्र्याचा सचिव. बारीक चष्मा, एकच कोट,
फाइल वाचते शेवटच्या पानापासून.
एकेचाळीस शनवार झाले,
अजून त्यानं कोणाच्या घरचा चहा पुरा पेला नाई,
अर्धा कप ठेवूनच उठते.
पंचायत समितीत असा माणूस मले कदी दिसला नाई,
म्हणून टीव्हीत पायतो.

बिछायतीच्या धंद्यानं डोळा बिघडते गड्या.
मुख्यमंत्री भाषण करता करता रडते, बेबीबी रडते,
मी मांगच्या रांगा मोजतो.
दोनशे चाळीस. समद्या पांढऱ्या, समद्या कोऱ्या,
तारेनं पाय बांधलेली एक नाई.
माह्या खुर्च्या लाल, निळ्या, काही उन्हानं दोन्ही,
पाठीवर लिवलं हाय: थावकर बिछायत, मु. पो. हिवरा.
तरी मांगच्या इलेक्शनातल्या बावीस वापस आल्या नाईत.
जितलेला म्हणे, हारलेल्याले माग.
हारलेला म्हणे, बसला कोण त्याईवर?

टीव्हीत सभा संपते आन् लगेच बंगला, रात्र, फोन.
मधातलं कोणी दाखवत नाई.
आठ-आठच्या थप्प्या. ट्रॅक्टर.
बॅटरी धरून उभा कोवेचा पोरगा, उभ्यानं झोपलेला.
खुर्चीखाली सापडलेली एका लेकराची एक चप्पल,
जे मी आठ दिवस शटरच्या खिळ्याले टांगून ठेवतो.

तं गेल्या महिन्यात देवस्थळीसमोर कागद आला.
धरणाचा. सही झाली का अठरा गावं उठली समजा.
त्यानं पेनाचं टोपण काढलं
आन् लाइन गेली.

मी पुसदले साळीले फोन लावला.
थांबा भाऊजी, वच्छला म्हणे, पाऊन रायली.
फोनात तिच्या घरचा पंखा ऐकू येत होता.
लय वेळ पंखाच.
मंग म्हणे, फाडला.
कागद फाडला त्यानं, चष्मा काढून पुसला,
आन् म्हणे, साहेब,
माह्या बापाचं गाव असंच एका सहीनं गेलं.

अंधारात मले बसवेना.
कोवेच्या पोराले उठवलं, त्याले सांगतलं.
सकाळी जितलेल्याच्या घरी गेलो,
चहा पेलो नाई,
उभ्यानंच म्हणलं, बावीस.
त्यानं माह्या तोंडाकडे पायलं
आन् सहा देल्ल्या.

दुसऱ्या शनवारी आधी मांगचं दाखवलं.
देवस्थळी सही करते.
पुऱ्या नावानं, खाली तारीख.
टोपण लावते.
मंग समोरचा कप उचलते
आन् चहा पुरा पेते.

मी फोन लावला. खोटं काऊन बोलली व?
वच्छला म्हणे, आमच्याकडेबी लाइन गेल्ती भाऊजी.
मले पंखा आठवला. मी काही बोललो नाई.
बेबीनं टीव्हीचा आवाज बारीक केला.
त्या दोघीचं माहेर पाण्याखाली हाय.
मे महिन्यात पाणी उतरलं का
एका विहिरीचा काठ दिसते,
थे पायाले बेबी कदी गेली नाई,
वच्छला दरसाल जाते.

आता दहा वाजता मालिका संपली का
मी पुसदले फोन लावतो.
माहं समदं पाऊन झालेलं असते,
लाइनबी असते.
तरी इचारतो, आज काय झालं व?
बेबी जवळ सरकते, फोन स्पीकरवर टाकाले लावते.
तिकडे पंखा फिरत असते.
थांबा, वच्छला म्हणते, सांगते.